चार बोटं

नियामेच्या कचेरीत माझ्या टेबलावर
नायजर नदी येते ती आकड्यांतून.
कुरुसाहून नानकोरिया कळवते: चारशे बारा.
तिथे सप्टेंबर, तिची वही ओली.
इथेही पाणी चढलंय, तांबडं,
पण ते आमच्याच ओढ्यांचं. तिचं अजून वाटेत आहे.

मोप्तीत फामांता सकाळी सातला काठावर उतरतो,
पट्टीवरचं शेवाळ अंगठ्यानं पुसतो, वाचतो.
पुढे दलदलीत ते रेंगाळतं,
भातात, माशांत, गुरांच्या पायांत अडकतं.
वरून जाणाऱ्या उपग्रहाला नुसती चकाकी दिसते.
दिरेचा अल्हुसेनी म्हणतो, आलंय, पण दमून आलंय.

'दमून'साठी माझ्या तक्त्यात रकाना नाही.

डिसेंबरात आन्सोंगो गप्प झालं.
अकरा दिवस रेघ, रेघ, रेघ.
रस्ता बंद, टॉवर आडवा,
बंदुका कुणाच्या ते विचारायचं नसतं.
बाराव्या दिवशी अनोळखी नंबरावरून फदिमाता:
"नवरा पलीकडच्या तीरावर अडकलाय.
पट्टी पाणघोड्यानं मोडली.
पाणी धुण्याच्या दगडावर चार बोटं आहे."

मी माझी चार बोटं टेबलावर आडवी ठेवली,
फूटपट्टी लावली.
तिची बारीक असतील.
सहा सेंटिमीटर धरले, शेजारी लिहिलं: अंदाजे.
दगड किती उंच, ते कुणालाच ठाऊक नाही.

जानेवारीत, पाऊस कुणाच्या ध्यानीमनी नसताना,
आमच्या पुलाखाली नदी फुगली. काळसर, थंड.
नानकोरियाचा सप्टेंबर.
मी पायऱ्या उतरून हात बुडवला
आणि ओल्या हातानंच
आजचा आकडा लिहायला वर गेलो.