पाच किंवा अधिक

हुकूम आमच्याच छापखान्यात छापला गेला,
साखर पेठेत, गुंडेटींच्या ट्रेडलवर,
आणि त्याचे खिळे जुळवले माझ्या बापाने.
हे मी कधी लपवलं नाही.
कुणी विचारलंही नाही म्हणा.

पंचाहत्तरचा श्रावण.
हवालदार सायकलवरून कागद घेऊन आला,
म्हणाला, संध्याकाळपर्यंत पाचशे प्रती, पैसे मागाहून.
ते अजून यायचे आहेत.

बाप, मल्लेशम चिट्याल, चौथी पास,
घरी तेलुगू, छापखान्यात मराठी,
आणि अक्षरं उलटीच वाचायची सवय.
लग्नपत्रिका असो, बिडीचं लेबल असो,
जुळवताना अर्थाकडे बघायचं नाही.
अर्थाने हात हळू होतो, म्हणायचा.

त्या दिवशी हात हळू झाला.
"पाच किंवा पाचांहून अधिक इसमांनी
कोणत्याही सार्वजनिक जागी"
इथवर आला आणि थांबला.
चहा मागवला, प्यायला नाही.
मग मथळ्याचे मोठे खिळे काढून बोटाने मोजू लागला.
ज. मा. व. बं. दी.
पाच.
वेलांटी, अनुस्वार वेगळे धरले तर अधिक.
म्हणाला, अण्णा, हा शब्दच गुन्ह्यात बसतोय की.
गुंडेटी हसले नाहीत.
उठून दार तेवढं लावून घेतलं.

सकाळी तोच कागद बिडी कारखान्याच्या भिंतीवर,
खळ अजून ओली.
आई हजार बिड्या द्यायला रांगेत.
शिपाई म्हणाला, चार-चार जणी उभ्या राहा, मध्ये जागा सोडा.
आईला वाचता येत नव्हतं, मोजता येत होतं;
पंचविसाची जुडी ती न बघता बांधायची.
चार बायका, मग एका बाईएवढी रिकामी जागा, मग चार.
त्या जागेत कुणी उभं राहिलं नाही.
पण किती बिड्या छाटात काढल्या, कुणाचा नवरा रात्री उचलला,
हे सगळं तिथूनच मागे सरकत गेलं,
तेलुगूत, पदराआड.
शिपाई लातूरकडचा होता.

मग भाद्रपदात भद्रय्या बोड्डू वारला.
गिरणीतला जुना जॉबर, मागेपुढे कुणी नाही,
आमच्या गल्लीतल्या चौघांना काय तो माहीत.
चार खांदे, आणि पुढे मडकं धरायला मी,
अकरा वर्षांची मुलगी, कारण दुसरं कुणी नव्हतं.
कन्ना चौकात फौजदाराने हात आडवा केला.
मोजलं.
पाच.
बापाने विचारलं, साहेब, आणि तिरडीवरचा?
त्याला धरायचा की सोडायचा?

फौजदाराने खिशातून हुकूम काढला, वरून खाली वाचू लागला.
बाप म्हणाला, खालून वाचा साहेब,
जागा पुरेना म्हणून शेवटची ओळ मी बारीक टायपात घेतलीय.
"अंत्ययात्रेस हा आदेश लागू नाही."

हे तो हळू बोलला असता तरी चाललं असतं.
पण बाप ट्रेडलच्या आवाजात आयुष्य काढलेला,
ओरडूनच बोलायचा.

पानाच्या टपरीवरून दोघे आले.
मग पाळी सुटली, भोंग्यासरशी रस्ता भरला,
सायकली भिंतीला टेकल्या.
आई आली, तिच्या मागून रांगेतल्या बायका,
या वेळी मध्ये जागा न सोडता.
भद्रय्याचं नाव काय, हेही कित्येक जण वाटेत विचारत होते.
अक्कलकोट रोडपर्यंत कुणी घोषणा दिली नाही.
नुसत्या चपलांचा आवाज.
माझ्या हातातलं मडकं तापलं होतं
आणि मागे वळून बघायचं नसतं, असं मला बजावलेलं,
म्हणून किती होते ते मी सांगू शकत नाही.

आठ दिवसांनी नवा हुकूम आला.
अंत्ययात्रेस वीस इसम.
तोही बापानेच जुळवला, चहा न मागवता,
आणि वीस हा आकडा अंगठ्याने दोनदा दाबून बसवला.

परवा सणाआधी मोबाइलवर असाच एक आदेश आला,
टाईप स्वच्छ, शिक्का निळा, कलम सदतीस.
मी चष्मा पुसला
आणि खालून वाचायला सुरुवात केली.