सुधारून वाढवलेली

वाडी नाक्यापुढे, रामटेके मिस्त्रींच्या शेडमध्ये
ती उभी आहे. लाल, बसकी, जपानी.
इंजिन पोटात, दोन सीटांच्या मागे,
नाकात नुसती स्टेपनी.
बाहेर सेहेचाळीस. कूलरची टाकी कोरडी,
तो आपला बोंबलतोय.

मी विमा कंपनीची सर्व्हेअर. फॉर्मवर एक रकाना : मॉडेल.
वरचा रकाना मालकाच्या नावाचा,
त्यात चिंचमलातपुरे मावत नाही,
'पुरे' खालच्या ओळीवर जातं.

डॉक्टरांचं म्हणणं, सेमिनरी हिल्सच्या उतारावर,
टीव्ही टॉवरकडून येताना, वळणात
पाय फक्त उचलला ॲक्सिलरेटरवरून
आणि गाडीनं शेपूट पुढे आणली. आपोआप.
कंपनीचं म्हणणं, आपोआप काही होत नसतं.
कागदांवर तिसरी सुधारणा आहे,
आणि तिसरीच्या कितीतरी आधी
ही खोड काढून टाकलेली.

मागचे दिवे गोल. तिसरीचं लक्षण.
डिकीवरचा पंख सडपातळ. तेही तिसरीचंच.
चाकं मोठी, म्हणजे दुसरीपासून पुढे.
मी टिक करत जाते.
मिस्त्री पन्नीत खर्रा घोटत म्हणतात,
"दिव्याचं काय म्याडम, चार बोल्टाचं काम हाय.
माणूस टोपी बदलते, टाळू थोडीच बदलते."

बाबा महालात कंपोझिटर होते.
पुस्तक हातात आलं की पहिलं पान बघायचेच नाहीत.
'सुधारून वाढवलेली आवृत्ती' काय,
कोणीही छापतं.
ते थेट त्र्याहत्तरावं पान उघडत.
तिथं 'नदी'ची वेलांटी ऱ्हस्व निघाली
की म्हणत, पहिली.
आणि जरा थांबून, चष्मा पुसत,
ही माझ्याच हातची.

मी ओढणी कमरेला खोचते, पुठ्ठा अंथरते,
टॉर्च दातात धरून खाली सरकते.
ऑइलचा वास, एक वाळलेली निंबोळी,
तापलेल्या लोखंडाची धग कपाळावर.
त्र्याहत्तरावं पान इथंच कुठंतरी असणार.

मागच्या चाकाला सरळ धरणारी आडवी दांडी.
नंतरच्या गाड्यांत तिची लांबी वाढवली, एवढंच.
मिस्त्री वरून माप ओरडतात.
मी टेप लावते.
दुसऱ्या बाजूलाही लावते.
बोल्टांवर पान्याचा ओरखडा नाही,
गंज सगळा एका वयाचा.

"आखूड?"
"आखूड."
"मंग पोरगं खोटं नाही बोलून रायलं."

नाही. पण आता कागद खोटे बोलतायत,
आणि कंपनीकडे त्याचंही कलम आहे,
बारीक टायपात, पान सोळा.
हे मिस्त्रींना सांगत नाही.
ते कूलरमध्ये बादली ओततायत.

मॉडेल. घामानं शाई पसरते.
मी लिहिते : पहिली,
दिवे तिसरीचे, चाकं
आणि जागा संपते.
उरलेलं खालच्या ओळीवर,
'पुरे'च्या शेजारी.