सातवी आवृत्ती

सोनं पार बारीक झालं, की पिवळं राहत नाही.
लाल होतं, डाळिंबाच्या पाण्यासारखं.
हे मी फ्रीटाउनच्या प्रयोगशाळेत शिकले,
एसीच्या थंडाव्यात, पांढऱ्याशुभ्र उजेडात.
कागदी पट्टीत ते सोनं पेरून ठेवायचं,
एक थेंब रक्त, दोन थेंब द्रावण,
पंधरा मिनिटं.
एक रेघ म्हणजे पट्टी शाबूत आहे.
दोन म्हणजे ताप लासाचा.

सहा आवृत्त्या वाया गेल्या.
दुसरी दमट हवेत फुगली,
चौथी ज्याला त्याला आजारी म्हणाली,
मलासुद्धा,
आणि त्या रात्री मी उगाच
कपाळाला हात लावून पाहत राहिले.

सातवी घेऊन केनेमाच्या पुढे गेले, मोआ नदीपलीकडे.
दवाखान्यात वीज नव्हती.
टेने लहाई, वय एकोणीस, तापाचा चौथा दिवस,
भिंतीकडे तोंड करून पडलेली.
सिस्टर माटूनं मोबाइलचा टॉर्च धरला.
"एकच रेघ," ती म्हणाली.
मी पट्टी तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी.
रेघ दिसावी असं मला वाटत होतं
आणि दिसू नये असंही.
अशा डोळ्यांचा काय भरवसा.

दारात तिचा बाप होता, ब्राइमा.
चाळीस वर्षं नदीच्या गाळात कमरेइतका उभा,
दुसऱ्याच्या मालकीची चाळण हलवत,
सापडला कण की मुकादमाच्या तळहातावर ठेवत.
त्यानं पट्टीला हात लावला नाही. नुसता वाकला,
श्वास धरून, पाण्यावर वाकत असेल तसा.
"आहे," मेंडेत म्हणाला. "तिथं. आहे."

मग मलाही दिसली.
केस पडावा तशी.

टेनेला वेगळ्या खोलीत हलवलं, औषध सुरू केलं.
रक्त शहरात गेलं; तिथल्या मोठ्या यंत्रानं
पाच दिवसांनी
ब्राइमाचंच म्हणणं छापून पाठवलं.
आमच्या फॉर्मवर तापमानाला रकाना आहे, आर्द्रतेला आहे.
रेघ कुणी वाचली, याला नाही.

त्या रात्री खोलीबाहेरच्या बाकावर
त्यानं मला विचारलं होतं,
त्या कागदात खरंच सोनं आहे?
किती?
धुळीएवढंसुद्धा नाही, मी म्हणाले.
तो थोडा हसला,
दाराकडची नजर न काढता.
"मुकादमही हेच सांगायचा."