सव्वाचारच्या आत

जहाज आमच्या गावाहून उंच आहे.
सकाळी ते धक्क्याला लागलं
की चर्चच्या घड्याळावर त्याची सावली पडते
आणि सगळं रोझो जहाजाच्या वेळेवर चालू लागतं.
सव्वाचारला शिडी वर घेतात.
त्याच्या आत अडतीस माणसं,
अडतीस मनगटांवरच्या अडतीस निळ्या पट्ट्या,
मोजून घेतल्या तशा मोजून परत द्यायच्या.

देवमासा दिसला नाही तर निम्मे पैसे परत,
असं तिकिटामागे छापलंय.
देवमाशाची सही कुणी घेतलेली नाही.

हायसिंथ इंजिन बंद करतो.
झाडूच्या दांड्याला बांधलेला माइक पाण्यात सोडतो,
दांडा जरासा फिरवतो, थांबतो, पुन्हा फिरवतो,
रेडिओवर क्रिकेटची कॉमेंटरी शोधावी तसा.
मग स्पीकरच्या डब्यातून
टक.
टक.
टक-टक-टक.
रमच्या दुकानात म्हातारे डॉमिनो आपटतात ना,
अगदी तसं.

"हे त्यांचं बोलणं," मी पाठ केलेलं म्हणते,
"आपल्या बेटांभोवतीची कुळं असं बोलतात,
दुसऱ्या समुद्रातली वेगळं."
लाल टोपीवाला विचारतो, बरं, पण म्हणतात काय?
"माहीत नाही."
हे मात्र कंपनीने पाठ करायला दिलं नव्हतं.

खाली हजार मीटर काळोख.
त्यात ती जेवतेय, एका श्वासावर,
पाऊण तास, कधी जास्तच.
वर आमच्याकडे दहाव्या मिनिटाला
कुणाला बिस्किट हवं, कुणाला संडास कुठे ते हवं,
एक नवरा बायकोला सांगतो
की कासवांची सहल स्वस्त होती.

आणि मिसेस डालग्रेन. मिनेसोटाच्या. वय एकोणऐंशी.
चढतानाच त्यांनी सांगून ठेवलं होतं,
मी फक्त यासाठी आले, बाकी बंदरं इतरांसाठी.
इंजिन थांबल्यापासून त्यांचं डोकं
माझ्या पिवळ्या बादलीत आहे.
मी एका हाताने बादली धरलीय,
दुसऱ्याने त्यांची विरळ वेणी.

तीन वाजून सात मिनिटांनी हायसिंथ ओरडला.
सगळी बोट एका बाजूला धावली
आणि तिकडेच कलली.
मला दिसल्या त्या पाठी,
वर उचललेले सदतीस फोन,
एका मुलाची सुटलेली नाडी.
फवाऱ्याचा आवाज मात्र आला,
कुणीतरी फार दिवसांनी ओझं खाली ठेवावं तसा,
पुन्हा, पुन्हा, दहाबारा वेळा.
मिसेस डालग्रेन दोनदा उठायला गेल्या.
दोनदा पोटाने त्यांना खाली बसवलं.

मग सदतीस तोंडांतून एकच "आऽह",
म्हणजे शेपूट वर आलं.
म्हणजे ती गेली.

गर्दी फोनमध्ये वळल्यावर
मी त्यांना हाताला धरून कठड्याशी नेलं.
पाण्यावर एक गोल उरला होता,
गुळगुळीत, तव्यावर तेल पसरावं तसा,
भोवती लाटा, आत एकही नाही.
"तिचं पाऊल," मी म्हटलं. याला आम्ही असंच म्हणतो.
त्या बघत राहिल्या. मीही.
ते पाऊल फार वेळ टिकत नाही, पण वाटतं त्याहून जास्त टिकतं.
"वास येतोय," त्या म्हणाल्या,
"माशांचा. कोबीचासुद्धा."
मी नाकाने खात्री केली. बादलीचा नव्हता.

कागदावर एकच रकाना आहे: दिसला, नाही दिसला.
नियम असा की बोटीला दिसला तर सगळ्यांना दिसला.
तरी मी पेन त्यांच्या हातात दिलं.
त्यांनी 'दिसला'वर खूण केली, मग खोडली,
मग पुन्हा केली, आणि पेन खिशात घालून निघून गेल्या.

चार वाजून दहा. अडतीस.

भोंगा झाला. जहाजाने सावली आवरून घेतली.
चर्चच्या घड्याळावर ऊन आलं, पाचला वीस कमी.
ते मोठ्या वादळापासून तिथेच अडकलंय.
मी धक्क्यावर बसून बादली धुतली,
पाणी समुद्रात ओतलं,
आणि उगाच बोटांनी तिच्या बुडावर वाजवून पाहिलं:
एक. एक.
पुढचे तीन मला घाईत जमत नाहीत.