अर्धा तास

खानापूरच्या सरकारी दवाखान्यात
दंडावर कापूस दाबून बसलेय.
"अर्ध तास कुंद्री," म्हणाली नीलव्वा सिस्टर.
तास कळला,
बाकीचं तिच्या हातानं सांगितलं.

मागल्या साली लाल-पिवळ्या कॅप्सूलनं
अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले.
मला वाटलं, लोणचं बाधलं.
औषधाचं नाव?
पट्टीच्या कापल्या कोपऱ्यात गेलं.

आज सांगितलं सगळं,
निम्मं मराठीत, निम्मं ओठाला बोट लावून.
तिनं कार्डावर लाल शाईत लिहिलं,
खाली दोन रेघा.

कानडी मला वाचता येत नाही.
तरी हे कार्ड रेशनकार्डाच्या वर ठेवणार,
कुठल्याही डॉक्टरापुढं
आधी ते, मग जीभ.

भिंतीवरचं घड्याळ बंद.
शेजारची लोंढ्याची बाई
मनगट माझ्याकडं वळवते:
अजून अकरा मिनिटं.