चौकोनी कंस

सिव्हिल लाइन्समधल्या त्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या वाळ्याचा वास आणि फायलींची बुरशी.
तिथं मी रोजंदारीवर जगाचे करार मराठीत आणतो.
शब्दाला एक रुपया वीस पैसे.
'परिसंस्था'ला तेवढेच, 'आणि'लाही तेवढेच.

पहिला मसुदा आला तेव्हा ओळीओळीत चौकोनी कंस होते.
निमजे मॅडम म्हणाल्या, कंस काढू नका,
ज्यावर अजून एकमत नाही ते कंसात ठेवतात.
म्हणून मी लिहिलं:
सर्व राष्ट्रं [तातडीनं] [शक्यतो] [आपापल्या ऐपतीप्रमाणे]
ऱ्हास थांबवतील [थांबवण्याचा प्रयत्न करतील].
दोन कंसांच्या मध्ये
एखादं रान सहज मावतं,
त्यातल्या पायवाटांसकट.

मग मॉन्ट्रियलला पहाटे हातोडा वाजला, कंस गेले.
तीस सालापर्यंत तीस टक्के जमीन, तीस टक्के पाणी.
इकडे दुपार होती. मी डबा धूत होतो.
झिरो माइलच्या दगडावर रायपूर आहे, जबलपूर आहे, चांदा आहे.
मॉन्ट्रियल कोरलेलं नाही.

नोंदवही भरायला एसटीनं कुहीच्या पुढं गेलो.
तलावाच्या पाळीवर गिरजाबाई वलथरे
जाळ्याची फाटकी भोकं सांधत बसलेली.
रकाना एक, स्थानिक नाव.
ती म्हणाली, मरय.
मी लिहिलं, मरळ.
मोठ्यानं वाचून दाखवलं तर हसली:
"हा तुमचा मासा होय बाप्पा. आमचा मरय."
खोडलं. शाळेपासून जपलेला 'ळ'
पहिल्यांदाच पाण्यात सोडला.

शिंगूर. दाडक. पोष्ट्या.
एका हाताची बोटं मिटली, दुसऱ्या हाताची,
मग पुन्हा पहिल्या.

मी तिला करार सांगितला. तीस टक्के.
"मंग सत्तर कोनाचं?"
मला कंससुद्धा सुचला नाही.

तीच पुढं बोलली, सुई न थांबवता:
"वरल्या अंगाले देवधान वाढे,
तिथं जाळं नाई टाकाचं, असं होतं आमच्यात.
टाकलं मी. एक साल टाकलं.
पोट्टे उपाशी होते.
सारा गाव पाहून रायला होता, कोनी बोललं नाई.
मंग तिथं बेशरम माजली.
मी अन् माही जाऊ, दोघीनं दोन साल उपटली.
हाताले फोडं आले होते."

परतीच्या एसटीत जुनी फाईल आठवली.
याआधीची वीस लक्ष्यं, दहा वर्षांची मुदत,
आणि शेवटच्या पानावर मीच टाइप केलेलं:
वीसपैकी एकही लक्ष्य जागतिक पातळीवर पुरतं गाठलं गेलं नाही.
नऊ शब्द. दहा रुपये ऐंशी पैसे.
त्यानंतर बेशरम उपटायला कोण गेलं,
ते त्या फायलीत नव्हतं. मी उलटसुलट पाहिलं होतं.

एक नाव तिनं उशिरा सांगितलं,
मी रस्त्याकडे वळल्यावर, मागून हाक मारून.
येरंडा.
हाय का अजून?
"जाळ्यात नाई हाय. तोंडात हाय."

स्थितीच्या रकान्यात तीनच पर्याय होते,
आढळतो, क्वचित, नाहीसा.
मी पेन तसाच धरून उभा, बस हॉर्न देत होती.
मग निमजे मॅडमचा नियम आठवला आणि लिहिलं

[येरंडा

कंस उघडला. मिटवला नाही.

सोमवारी संगणकानं फॉर्म परत पाठवला.
लाल अक्षरांत: कंस पूर्ण करा.
कूलरमधलं पाणी संपलं होतं.
मी बादली घेऊन उठलो.