सव्वा हात

गुरुवारी आमच्या देशात टीव्ही बंद असायचा.
म्हणे, आठवड्यातून एक संध्याकाळ
माणसांनी माणसांकडे जावं.
माणसं फारशी गेली नाहीत. दिवे मालवून
रेडिओपाशी बसली,
आणि ओद्नी ब्रान्ड्सदोत्तिर घरोघर गेली.

तिच्या नाटकांत पावलं माझी असत.
राजाची, चेटकिणीची, पिऊन परतणाऱ्या बापाची.
कातडी पिशवीत बटाट्याचं पीठ भरून
मी मुठीत दाबायचो: करकर, करकर,
बर्फातून कुणीतरी येतंय.
खिडकीबाहेर रेक्याविकभर कमरेइतका खरा बर्फ.
एकदा हट्टानं बादलीभर आत आणलाही होता.
माईकसमोर तो नुसता पाणी पाणी होत बसला.
"खऱ्याला पाठांतर नसतं, होग्नी," ती म्हणाली,
"पीठ आण."

दुपारच्या बातम्यांआधी ती निधनवार्ता वाचायची.
कोण गेलं, कुठल्या शेतावरचं,
कुठल्या चर्चमध्ये, किती वाजता,
घाटरस्ता बंद असला तर मग कधी.
नावाआधी किंचित श्वास.
नावानंतर पूर्णविराम, दार लोटून घ्यावं तसा,
आपटायचा नाही.
म्हाताऱ्या म्हणत, मरायचंच तर
ओद्नीची रजा संपल्यावर मरू.

रात्री थिएटरात: दासी, दाई, तिसरी शेजारीण.
बत्तीस वर्षांत राणी एकदाच,
तीही राणीचा घसा बसला म्हणून.
माईकसमोरसुद्धा हात हलवत बोलायची.
कुणाला दिसणार आहेत, मी विचारलं,
तर म्हणाली, "ऐकू येतात."

त्या फेब्रुवारीत यादीतलं सहावं नाव
तिच्या धाकट्या भावाचं होतं.
ट्रॉलर सापडला नव्हता, तरी तारीख घातली होती.
काचेपलीकडून मी खुणेनं विचारलं,
दुसऱ्या कुणाला बोलावू?
तिनं वर पाहिलं नाही. वाचलं.
स्तुर्ला ब्रान्ड्सोन, वय एकोणतीस.
आवाज सपाट, इस्त्री केलेला.
फक्त पूर्णविराम लांबला.
तीन सेकंद.
मग सातवं नाव, पूर्वेकडची कुणी आजी,
तिलाही तिचा पूर्ण मान मिळाला.

संध्याकाळच्या पुनःप्रसारणासाठी वरून चिठ्ठी आली:
मधली शांतता काढा,
लोकांना वाटेल स्टेशन बंद पडलं.
ब्लेडचा तिरका काप, पांढरी चिकटपट्टी.
सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर,
म्हणजे तीन सेकंदांची फीत
सव्वा हात.
केराच्या डब्यात टाकायला हात धजेना.
तंबाखूच्या डबीत गुंडाळून ठेवली.

पुढे टेपांचा तुटवडा आला.
तिच्या गुरुवारांवर हँडबॉलचे सामने चढले,
मंत्र्यांची भाषणं, एका वर्षी लोकर परिषद.
राजा पुसला, चेटकीण पुसली,
माझी पावलंही गेली.
सांगायला गेलो तेव्हा ती विणत होती.
"हवेतलं हवेत गेलं.
सामना जिंकलो का आपण, ते सांग."

आज दुपारी तिचं नाव वाचलं गेलं.
पोरगा चांगला आहे, उच्चार स्वच्छ.
ओद्नी ब्रान्ड्सदोत्तिर, निवेदिका.
नटी म्हणाला नाही. कुणी लिहूनच दिलं नसणार.
आणि पूर्णविरामाच्या जागी
पुढचं नाव.

डबी उघडली. फीत तपकिरी,
कडेनं चुरा व्हायला लागलेली.
वाजवायचं यंत्र म्युझियममध्ये,
आणि वाजवून तरी काय, खोलीचा आवाज,
खुर्चीला घासलेली तिच्या स्वेटरची बाही, बहुतेक.
चिमटीतून एकदा सरकवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
तीन सेकंदांहून बराच जास्त वेळ लावून.

मग स्वयंपाकघरात गेलो.
बायको विचारतेय, अकरा वाजलेत रात्रीचे,
बटाट्याचं पीठ कशाला काढलंस.